यंत्राने सही कुठे केलीय?

प्रश्न विचारणारे गृहस्थ एक महागडं यंत्र विकत घेत आहेत. कर्ज नाही, हप्ते नाहीत, पूर्ण रक्कम एकदम मोजून. विक्रेत्याने पाठवलेल्या करारात चार अटी आहेत. दोन वर्षं यंत्र कुणालाही विकायचं नाही. त्यानंतर विकायचं झालं तर आधी विक्रेत्यालाच विचारायचं, तेही मूळ किमतीपेक्षा जास्त न मागता. दुरुस्ती फक्त त्यांच्या माणसांकडून आणि त्यांच्याच सुट्या भागांनी. आणि पुढे यंत्र ज्याच्या हाती जाईल त्याच्यावरही या सगळ्या अटी लागू. यांनी हरकत घेतली तेव्हा उत्तर आलं, ‘पटत नसेल तर घेऊ नका.’ त्यांचा सवाल असा: पैसे मी मोजले, वस्तू माझी झाली, मग विकणाऱ्याने मला असं बांधून ठेवणं कायद्याने चालू द्यावं का?

द्यावं, पण तुम्हाला बांधण्यापुरतंच. यंत्राला बांधू देऊ नये. हा फरक ऐकायला शब्दच्छल वाटेल, पण सव्वीस वर्षं करारांचे मसुदे लिहून आणि दुसऱ्यांनी लिहिलेले फोडून माझं मत शेवटी इथेच येऊन ठेपलंय.

हे मत मला फुकट मिळालेलं नाही. वकिलीच्या सुरुवातीच्या काळात छपाईची यंत्रं विकणाऱ्या एका अशिलासाठी मी करार लिहिला होता. त्यात एक वाक्य घातलं: ‘सदर यंत्र यापुढे ज्या ज्या इसमाच्या ताब्यात जाईल त्या त्या इसमावर वरील सर्व अटी बंधनकारक राहतील.’ वाक्य चांगलं ठसठशीत होतं, मला फार आवडलं होतं. समोरच्या बाजूला एक वयस्कर वकील होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, ‘यंत्राने सही कुठे केलीय?’ मी हसलो. तीन वर्षांनी ते हसू उतरलं. पहिल्या खरेदीदाराने धंदा गुंडाळला आणि यंत्र तिसऱ्यालाच विकलं. त्या तिसऱ्याने बाहेरची शाई वापरायला सुरुवात केली. अशील तावातावाने आला, मी नोटीस धाडली. उत्तर दोन ओळींचं होतं: आमचा आपल्याशी कोणताही करार नाही, आम्ही यंत्र रोख मोबदला देऊन प्रामाणिकपणे घेतलं आहे. विषय संपला. पहिल्यावर दावा लावता आला असता, पण ज्याचं दुकानच बंद झालंय त्याच्याकडून वसूल काय करणार?

त्या वृद्ध वकिलांचा प्रश्न त्यांच्या डोक्यातून निघालेला नव्हता, तो कायद्यात शतकानुशतकं विचारला गेलाय. इंग्लिश न्यायविद एडवर्ड कोक याने १६२८ साली लिहून ठेवलंय की एखाद्याने आपला घोडा पूर्ण मालकी हक्काने विकला आणि ‘हा पुढे कुणाला विकायचा नाही’ अशी अट घातली, तर ती अट रद्दबातल. कारण देणाऱ्याकडे आता त्या घोड्यातलं काही उरलेलंच नाही. जर्मन दिवाणी संहितेने, म्हणजे १९०० पासून अमलात असलेल्या कायद्याने, हेच कलम १३७ मध्ये नेमक्या शब्दांत बसवलंय. हस्तांतर करता येण्याजोगा हक्क विकण्याची मालकाची ताकद करार करून काढून घेता येत नाही. मात्र ‘मी विकणार नाही’ असं वचन त्याने दिलं असेल तर ते वचन त्याच्यापुरतं वैध. म्हणजे वचन मोडून विकलंत तर विक्री टिकते, नुकसानभरपाई तुम्ही भरायची. मला हा तोडगा सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. शब्द दिला त्याने किंमत मोजावी. ज्याने दिलाच नाही त्याच्या दारात जाऊ नये.

हीच गोष्ट विक्रेत्यांनी वेगवेगळ्या वाटांनी चुकवून पाहिली आहे. अमेरिकेत बॉब्स-मेरिल या प्रकाशकाने एका कादंबरीत छापलं की एक डॉलरपेक्षा कमी किमतीला हे पुस्तक विकण्याची कुणाही विक्रेत्याला मुभा नाही, विकल्यास कॉपीराइटचा भंग समजला जाईल. मेसीज या दुकानाने ते ८९ सेंटला विकलं. १९०८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पहिली विक्री झाली तिथे प्रत विकण्यावरचा प्रकाशकाचा ताबा संपला. पुस्तकात छापलेली सूचना म्हणजे करार नव्हे. इंग्लंडमध्ये डनलॉपने टायर घाऊक व्यापाऱ्याला विकले, व्यापाऱ्याने ते सेल्फ्रिज या दुकानाला. ठरलेल्या दराखाली विकलं तर दर टायरमागे ५ पौंड डनलॉपला देईन असं सेल्फ्रिजने लिहून दिलं होतं, पण ते व्यापाऱ्याला. १९१५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, डनलॉपला रिकाम्या हाताने परत पाठवलं: तुमचा त्यांच्याशी करार कुठे आहे, आणि तुम्ही त्यांना मोबदला काय दिलात?

मग पेटंटची वाट. लेक्समार्क ही कंपनी प्रिंटरची टोनर कार्ट्रिज दोन प्रकारे विकायची. पूर्ण किमतीची, बिनअटीची. आणि साधारण २० टक्के स्वस्त, पण एकदाच वापरायची आणि रिकामी झाल्यावर कंपनीखेरीज कुणाला द्यायची नाही अशी. इतर कंपन्या रिकामी कार्ट्रिज गोळा करून, त्यातल्या चिपवर मात करून, पुन्हा भरून विकू लागल्या. लेक्समार्कने पेटंटभंगाचा दावा लावला. २०१७ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कार्ट्रिज विकलं तेव्हाच त्या नगावरचा पेटंटचा हक्क संपला. ग्राहकाने करार मोडला असेल तर ग्राहकाला कराराखाली गाठा. कार्ट्रिजचा माग काढत तिसऱ्याला धरू नका. निकालपत्रात कोकचा तो १६२८ चा उतारासुद्धा आहे. घोड्याचा नियम प्रिंटरला लागू झाला!

हा नियम इतका चिवट का, ते समजून घेण्यासारखं आहे. पुष्कळांना वाटतं कायदा इथे मालकाच्या ‘स्वातंत्र्याची’ पूजा करतोय. माझ्या मते कारण बरंच रुक्ष आहे, आणि म्हणूनच भक्कम. आपण वस्तू घेताना तिची वंशावळ तपासत नाही. खुर्ची, सायकल, ड्रिल मशिन, जुना कॅमेरा, यांना सातबारा नसतो. प्रत्येक वस्तूला आधीच्या कुणीतरी घातलेल्या अटी गोचिडासारख्या चिकटून येऊ लागल्या, तर घेणाऱ्याला दर खरेदीआधी वकील गाठावा लागेल. तो गाठणार नाही. तो जुनी वस्तू घेणंच सोडून देईल. म्हणजे एका विक्रेत्याने आपल्या सोयीसाठी घातलेल्या अटीचा खर्च, त्या व्यवहाराशी ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा हजारो लोकांवर पडतो. दोन पक्षांच्या कराराला हा अधिकार कुठून आला?

जमिनीचं मात्र वेगळं, आणि इथे माझं आतापर्यंतचं सगळं बोलणं जरा सैल करावं लागेल. जमीन हलत नाही. तिला शेजारी असतो आणि तोही हलत नाही. तुमच्या प्लॉटवर काय उभं राहतं त्यावर त्याच्या खिडकीतला उजेड ठरतो. शिवाय जमिनीच्या नोंदी असतात; घेणाऱ्याला बोजा बघता येतो. म्हणून जमिनीवरची काही बंधनं मालक बदलले तरी टिकावीत, हे मला मान्य आहे.

लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधली बाग हे याचं मूळ उदाहरण. टल्क नावाच्या मालकाने १८०८ मध्ये मधली बाग विकली, भोवतालची घरं स्वतःकडे ठेवली. मुख्य अट अशी: बाग बागच ठेवायची, तिथे इमारत बांधायची नाही. बाग हस्ते-परहस्ते मॉक्सेकडे आली. त्याच्या खरेदीखतात ती अट नव्हती, पण घेताना अट आहे हे त्याला ठाऊक होतं. त्याने बांधकामाचा मनसुबा जाहीर केला, टल्क कोर्टात गेला आणि १८४८ मध्ये न्यायाधीश लॉर्ड कॉटनहॅमने मनाई हुकूम कायम केला. त्यामागचा विचार साधा होता: अट आहे म्हणून जागा कमी भावात घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी अट उडवून चढ्या भावाने विकायची, ही लबाडी झाली. ती जागा आजही मोकळी आहे.

या निकालाच्या आधी चौदा वर्षं त्याच देशात उलटा निकाल लागला होता, आणि मला तोही तितकाच पटतो. एका लोखंडाच्या कारखान्याच्या मालकांनी लिहून दिलं होतं की चुनखडी अमुक खाणीतूनच घेऊ आणि अमुक रेल्वेमार्गानेच आणू. कारखाना पुढच्याच्या हाती गेला, त्याला हे नको होतं. न्यायाधीश लॉर्ड ब्रुमने १८३४ मध्ये त्याची बाजू घेतली. प्रत्येक मालकाला आपल्या लहरीप्रमाणे मालमत्तेला नवनव्या प्रकारचे बोजे चिकटवू दिले तर गोंधळ माजेल, असा त्याचा रोख होता. आता दोन्ही निकाल शेजारी ठेवून बघा. बागेच्या अटीने शेजारच्या घरांना हवा आणि उजेड मिळत होता. चुनखडीच्या अटीने खाणवाल्याला कायमचं गिऱ्हाईक मिळत होतं. पहिली अट जमिनीची, दुसरी धंद्याची. तुमच्या करारातली दुरुस्तीची अट यांपैकी कुठल्या जातीची आहे, हे मी सांगायला नको.

अजून एक बारीक भेद आहे, तो लोक हमखास विसरतात. ‘करू नको’ म्हणणारी अट जमिनीबरोबर जाऊ शकते. ‘कर’ म्हणणारी सहसा जात नाही. इंग्लंडमध्ये एक घर १९६० मध्ये दोन मालकांत विभागलं गेलं. एकाच्या छपराखाली दुसऱ्याची खोली येत होती, म्हणून छपराची डागडुजी मोठ्या घरवाल्याने करायची असं ठरलं. पुढे दोन्हीकडचे मालक बदलले, छप्पर गळू लागलं, आणि १९९४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की नव्या मालकावर डागडुजीची सक्ती करता येणार नाही, खर्चाचं वचन जमिनीबरोबर वाहत नाही. गळणाऱ्या छपराखाली राहणाऱ्यावर हा अन्याय आहेच. हा नियम जरा बोथट आहे असं माझंही मत आहे. भारताच्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात याच कुळातले नियम सापडतात: कलम १० प्रमाणे पुढे विकण्यावरची सरसकट बंदी रद्दबातल, कलम ११ प्रमाणे पूर्ण मालकी देऊन वर उपभोगावर घातलेली बंधनंही निष्प्रभ, पण विकणाऱ्याची स्वतःची लगतची दुसरी मिळकत नीट उपभोगता यावी म्हणून घातलेल्या अटीला सूट.

कुणी म्हणेल, लोकांनी खुशीने सह्या केल्या, मग जमिनीवर हवी ती अट का चालू नये? याला मी सेंट लुइसचं उदाहरण देतो. १९११ मध्ये त्या शहरातल्या एका रस्त्यावरच्या ३९ पैकी ३० मालकांनी करार केला की पुढची ५० वर्षं इथे कृष्णवर्णीय किंवा आशियाई वंशाच्या माणसांना राहू द्यायचं नाही. १९४५ मध्ये शेली नावाच्या कृष्णवर्णीय कुटुंबाने तिथे घर घेतलं. असा काही करार आहे हे त्यांना माहीतही नव्हतं. शेजाऱ्यांनी त्यांना बाहेर काढण्यासाठी दावा लावला. १९४८ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने मोठा मार्मिक निकाल दिला. दोघांनी आपसात काय लिहावं तो त्यांचा प्रश्न, पण त्याची अंमलबजावणी करायला तुम्ही न्यायालयात आलात की ते सरकारचं कृत्य ठरतं, आणि सरकारला वंशभेद करता येत नाही. म्हणजे करार कागदावर राहिला, हुकूम मात्र मिळाला नाही.

‘हा आमचा खासगी करार आहे’ असं जो म्हणतो तोच अंमलबजावणीसाठी सार्वजनिक न्यायालयाचं दार ठोठावत असतो. पोलीस, बेलिफ, निबंधक सगळे लोकांच्या पैशाने चालतात. मग कुठल्या अटीसाठी ही यंत्रणा राबवायची हे ठरवण्यात लोकांचाही वाटा असायला हवा. ब्रिटनमध्ये मोठी सुपरमार्केटं जमीन विकताना ‘इथे किराणा दुकान काढायचं नाही’ अशी अट घालत होती, स्पर्धकाला पाय ठेवू न देण्यासाठी. तिथल्या स्पर्धा आयोगाच्या चौकशीनंतर २०१० मध्ये आदेश निघाला आणि त्या अटींना लगाम घातला गेला. कागदावर ती अटसुद्धा दोन राजी पक्षांमधलीच होती.

आता ‘पटत नसेल तर घेऊ नका’कडे येतो. विक्रेत्यांची बाजू मी निम्मं आयुष्य मांडत आलोय, त्यामुळे ती हसण्यावारी नेणार नाही. अटीला किंमत असते. लेक्समार्कचा स्वस्त टोनर खरोखर स्वस्त होता. एकदाच वापरणाऱ्या माणसाचा त्यात फायदाच होता. परवडणारी घरं बांधणाऱ्या विश्वस्त संस्था घर स्वस्तात देतात आणि पुढच्या विक्रीच्या किमतीवर मर्यादा घालतात. ती मर्यादा काढली तर पहिला मालक अनुदान खिशात घालून निघून जाईल आणि पुढच्या गरजूसाठी काही उरणार नाही. अशा अटीच्या बाजूने मी कुठल्याही कोर्टात उभा राहीन. फोर्डने आपली जीटी ही मोटार निवडक अर्जदारांनाच दिली आणि २४ महिने विकायची नाही अशी अट घातली, म्हणजे गाडी घेऊन दुसऱ्या दिवशी दुप्पट भावाने विकणारे दलाल दूर राहावेत. कुस्तीपटू आणि अभिनेता जॉन सीनावर कंपनीने २०१७ मध्ये मुदतीआधी गाडी विकल्याचा दावा लावला; पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि रक्कम धर्मादाय कामाला गेली. यात मला गैर काही दिसत नाही. दावा लावला तो करार करणाऱ्यावर, मुदत दोन वर्षांची, आणि चैनीची गाडी न मिळाल्याने कुणाचं अडत नाही.

पण त्या वाक्यात एक गृहीत लपलेलं असतं: दुसरीकडून घेता येईल. बाजारात चारच विक्रेते असतील आणि चौघांच्या करारात तेच कलम असेल, तर ‘घेऊ नका’चा अर्थ ‘धंदा करू नका’ असा होतो. शिवाय किंमत उतरली म्हणावं तर ती उतरलेली दिसली पाहिजे. ‘अटीसह इतके, अटीविना इतके’ असे दोन आकडे ज्याने समोर ठेवले त्याच्याशी मी बोलायला तयार आहे. ज्याच्याकडे एकच आकडा आहे त्याने सवलत दिली असं मी मानत नाही.

आणि आता खरी काळजीची गोष्ट. वर सांगितलेले सगळे निकाल एका जुन्या परिस्थितीवर उभे आहेत: अट मोडली तर विक्रेत्याला कोर्टात जावं लागे. दावा, खर्च, वेळ, आणि मधे एक न्यायाधीश, जो म्हणू शकायचा की ही अट अवाजवी आहे. आज यंत्रातच सॉफ्टवेअर बसलेलं असतं. बाहेरचा भाग लावला की यंत्र चालू होत नाही. पट्टा, मोटर, बेअरिंग सगळं ठीक. पडद्यावर एवढंच येतं की अधिकृत भाग आढळला नाही. कलम वैध आहे की अवैध, हे विचारायला कुणी उरतच नाही. पूर्वी अट राबवण्याचा भार विक्रेत्यावर होता; आता अट उठवण्याचा भार खरेदीदारावर आलाय. मला कुठलंही लिखित कलम या कुलपाइतकं घातक वाटत नाही, कारण कलम वाचता तरी येतं.

दुसरी पळवाट म्हणजे ‘विकलंच नाही, वापराचा परवाना दिलाय’. इथे युरोपियन न्यायालयाने दोन वेगवेगळ्या दिशा धरल्या. २०१२ मध्ये, ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात, कायमच्या वापरासाठी पैसे मोजून घेतलेला सॉफ्टवेअरचा परवाना पुढे विकता येतो असं ठरलं. नाव काहीही द्या, व्यवहार विक्रीचाच आहे. २०१९ मध्ये मात्र वापरलेली ई-पुस्तकं परवानगीशिवाय विकता येणार नाहीत असं ठरलं. कागदी पुस्तक रद्दीत टाकता येतं, मित्राला देता येतं, आणि तेच पुस्तक पडद्यावर घेतलं तर मरेपर्यंत तुमच्याच गळ्यात. ग्राहकाने बटण दाबलं त्यावर ‘खरेदी करा’ असं लिहिलेलं असतं, ‘भाड्याने घ्या’ असं नाही. हा शब्द वापरून पैसे घेतले तर विक्रीचे परिणामही स्वीकारले पाहिजेत, असं माझं मत आहे.

दुरुस्तीच्या बाबतीत कायदे जागे होत आहेत, उशिरा का होईना. अमेरिकेत १९७५ पासून ग्राहकोपयोगी मालाची वॉरंटी ठरावीक ब्रँडचेच भाग वापरण्यावर अडवून धरता येत नाही, ते भाग फुकट दिले तर गोष्ट वेगळी. युरोपियन युनियनने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश काढला. पण हे मुख्यतः घरगुती मालापुरतं. धंद्याचं यंत्र घेणाऱ्याला कायदा ‘जाणता’ समजतो आणि त्याला त्याच्या कराराच्या हवाली करतो. म्हणून तुमच्या चार कलमांकडे जरा जवळून पाहू. तुमच्या इथला कायदा जाणणाऱ्या वकिलाला ती दाखवाच. मी फक्त लाल पेन कुठे चालवला असता ते सांगतो.

चौथं कलम, पुढच्या मालकाला बांधणारं, आधी घेतो. ते बहुधा पोकळ आहे, पण त्याच्या शेपटीत विंचू असू शकतो. कारण अशी कलमं सहसा अशी लिहिलेली असतात: ‘पुढील खरेदीदाराकडून या अटींना लेखी संमती घेण्याची जबाबदारी खरेदीदाराची राहील, आणि पुढील खरेदीदाराने केलेल्या कोणत्याही भंगास खरेदीदार जबाबदार राहील.’ पहिला भाग मला चालेल. दुसरा काढून टाका. तुम्ही यंत्र विकल्यावर पाच वर्षांनी कुणीतरी अनोळखी माणूस त्यात कुठला पट्टा बसवतो त्याबद्दल तुम्ही का भरपाई द्यायची?

पहिलं कलम, दोन वर्षं न विकण्याचं, मी ठेवलं असतं. मुदत आहे, मर्यादा आहे. फक्त अपवाद घातले असते: मृत्यू, भागीदारी फुटणं, धंदा बंद पडणं, बँकेकडे तारण ठेवणं. ‘विक्री’ची व्याख्या बघा. भाड्याने देणं, मुलाच्या नावे करणं, कंपनी स्थापून तिच्यात टाकणं हे सगळं तिच्यात कोंबलेलं असतं, आणि माणसं नेमकी इथे अडकतात. ‘विक्रेत्याच्या पूर्वपरवानगीशिवाय’ असं असेल तर त्यापुढे लिहून घ्या: ‘परवानगी सबळ कारणाशिवाय नाकारली जाणार नाही, आणि १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास परवानगी दिली असे समजण्यात येईल.’ या शेवटच्या ओळीने माझ्या अशिलांना जितकं वाचवलंय तितकं दुसऱ्या कुठल्याच ओळीने नाही. कारण विक्रेते सहसा नकार देत नाहीत. ते उत्तरच देत नाहीत. आणि भंगाची रक्कम आकड्यात असेल तर विचारा की ती कशी काढली. खऱ्या नुकसानीशी नातं नसलेला आकडा कोर्टात टिकवणं कठीण असतं, पण तो कोर्टात टिकेल की नाही हे बघायलासुद्धा तुम्हाला कोर्टातच जावं लागेल.

दुसऱ्या कलमातला पहिला विचारण्याचा हक्क मला मान्य आहे, किंमत मान्य नाही. ‘बाहेरचा खरेदीदार जो भाव देतो त्याच भावाला आधी आम्हाला’ हे रास्त. ‘मूळ किमतीपेक्षा जास्त नाही’ म्हणजे यंत्राची किंमत वाढली तर त्यांची, घसरली तर तुमची. तुम्हाला नफा हवाय म्हणून मी हे म्हणत नाहीये. पुढे बँक या यंत्रावर कर्ज देताना हेच कलम वाचणार आहे.

तिसऱ्या कलमावर मी अडून बसलो असतो आणि विक्रेत्याला म्हटलं असतं: वॉरंटीच्या काळात तुमची माणसं, तुमचे भाग, कबूल. बाहेरच्या दुरुस्तीने नुकसान झाल्याचं तुम्ही सिद्ध केलंत तर तेवढी वॉरंटी रद्द, हेही कबूल. वॉरंटी संपल्यावर यंत्राची माहितीपुस्तिका, दोष दाखवणारे कोड आणि सुटे भाग वाजवी दरात मिळतील, आणि बाहेरचा भाग लावला म्हणून यंत्र सॉफ्टवेअरने बंद पाडलं जाणार नाही, हे लेखी द्या. ते हे देणार नाहीत, अशी माझी अटकळ आहे. मग दुरुस्ती पुढच्या दहा वर्षांत त्यांच्याच दराने करून घ्यायची झाली तर किती खर्च येईल तो आकडा काढा आणि तेवढी किंमत कमी मागा. तो आकडा मला विचारू नका. तुमच्याकडे सध्याचं यंत्र जो माणूस उघडतो, त्याला करार दाखवा, आणि पाच वर्षांत या यंत्राचं काय काय झिजतं तेवढं विचारा.